चौथा माणूस

दर रविवारी, कन्नमवार नगरच्या विहारात
भन्ते डोळे मिटायला सांगतात.
आधी स्वतःचं भलं चिंतायचं,
मग जिवलगाचं,
मग ज्याच्याशी देणं ना घेणं अशा कुणाचं.
माझा तिसरा म्हणजे नाक्यावरचा चावीवाला.
चौथ्याला माझी मांडी अवघडते.
चौथा टिपणीस. हेडक्लार्क, भायखळा वर्कशॉप.

चहाच्या फंडात एकशेवीस रुपये कमी भरले.
त्याने बापाला खिसे उलटे करायला लावले,
डबासुद्धा टेबलावर पालथा:
दोन भाकरी, ठेचा, माझ्या फीची पावती.
पैसे दुसऱ्या दिवशी सापडले, त्याच्याच खणात.
कुणी काही बोललं नाही.
आदल्या रात्री बाप मोरीत
कितीतरी वेळ हात धूत बसला होता.
मी सातवीत. साबण संपल्याचं आठवतं.

आणि परवा तो आला
दादरच्या माझ्या दुकानात,
नातीचा हात धरून,
कानाचं मशीन तळहातावर घेऊन,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तसं.
"बंद पडलंय हो."
नाव मी पावतीवर लिहून घेतलं.
पेन चाललं.

नळीत मळ साचला होता, बाकी काही नाही.
सुईने काढला, सेल बदलला,
बसवलं त्याच्या कानात.
आता चाचणीपुरतं काहीतरी बोलायचं असतं.
मी रोज म्हणतो, एक, दोन, तीन.

बत्तीस वर्षं ज्या कानासाठी
शब्दांना धार लावत बसलो
तो कान माझ्यापासून वीतभर.
पांढरी लव. लहानपणी टोचल्याचं बुजलेलं भोक.

मी म्हणालो, "केरू धोंडी वाघचौरे."

तो हसला. "अगदी स्पष्ट!"
नाव त्याला कुठेच लागलं नाही.
नात म्हणाली, आजोबा, किती दिवसांनी हसलात.

शब्द होते अजून, जिभेवर आलेही.
पण ज्याच्यावर पारजले होते
तो माणूस त्या खुर्चीत नव्हताच.
मी आवाज दोन घरं कमी केला,
रस्त्यावर हॉर्नने दचकेल म्हणून.
सेलचे पैसे मात्र घेतले. मोजून.

याला क्षमा म्हणतात का, ठाऊक नाही.
ते टेबल मी विसरणार नाही,
मुलीलाही सांगणार आहे.

या रविवारी मांडी अवघडली, पण मोडली नाही.
टिपणीस आला, गेला.
भन्ते 'सर्व प्राणी' म्हणायच्या आत
न बोलावता बाप आला
ओले हात झटकत,
म्हणाला, टॉवेल कुठाय रे?