हेलकावा

सासेबोच्या बंदरामागे, टेकडीच्या पोटात
तीन मजले उंच हिरवं जाळं टांगलंय.
आमच्याकडे अशा जागेला म्हणतात उचिप्पानाशी:
मारा, आणि सोडून द्या.
मी खालच्या खिडकीत टोपल्या देते.
एका टोपलीत साठ चेंडू असं पाटीवर आहे,
एकदा मोजले, अठ्ठावन्न निघाले.
कुणाला सांगितलं नाही.

दर मंगळवारी कुरोगी यासुजी येतात.
वय एकोणसत्तर, गोदीत छत्तीस वर्षं क्रेनवर.
डॉक्टर म्हणाले, खांदा हलता ठेवा;
जावयाने आपला जुना सेट दिला;
आणि मिनागावाबाईंनी, ज्यांचं वय सत्तावीस,
त्यांच्या अंगावर एकेक साधन चढवलं.

काखेत टॉवेल. पडला की चूक.
मनगटाला पट्टी. टोचली की चूक.
पायाशी आरसा, त्यात स्वतःचंच डोकं,
आरशाबाहेर गेलं की चूक.
खिशात टकटक करणारी डबी:
तीन टोल मागे न्यायला, एक खाली आणायला.
आणि ती बिजागरीची काठी!
जरा घाई केली की वरच्या वर दुमडते,
बगळ्याने पाय पोटाशी घ्यावा तशी.
मिनागावाबाई हसू दाबून ती सरळ करतात.
ती पुन्हा दुमडते.

"एवढे मुकादम तर गोदीतही नव्हते,"
यंत्रातून कॉफीचा गरम डबा काढताना ते म्हणाले.
डबा उघडला नाही, नुसता खांद्याला लावून धरला.
"छत्तीस वर्षं मी एकच काम केलं,
हेलकावा मारायचा.
दोराला चाळीस टनांचा पत्रा,
वर वारा, खाली माणसं.
भार जिकडे झुकेल तिकडे त्याच्या आधी जायचं,
बरोबर डोक्यावर जाऊन उभं राहायचं,
की तो गप्प.
आणि ही पोर म्हणते, झुलू द्या."

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, ओल्या थंडीत,
दुसऱ्या मजल्यावर ते एकटेच.
पिशवीतून काढला दीड वाव दोर,
गोदीतला, टोकाला गाठ मारलेला.
सुंभ जुना, पीळ शाबूत.
काठीसारखा दोन्ही हातांत धरून फिरवला,
आणि गाठ फाडकन कानावर बसली.
पुन्हा. या वेळी मानेवर.
मिनागावाबाई पुढे झाल्या, त्यांनी हातानेच थांबवलं.

दोर ढकलता येत नाही.
तो मागे जातो, तुमच्या पाठीवर सावकाश टेकतो,
आणि तोवर तुम्हाला काही करायचं नसतं.
तेच जमत नव्हतं त्यांना.
वीसेक वेळा मार खाल्ला असेल.
मग एकदा गाठ कुठेच लागली नाही,
नुसता हवेतून आवाज गेला,
कुणी चादर झटकावी तसा.

तसेच वळले, काठी उचलली, मारला.
काखेत टॉवेल नव्हता, डबी बंद होती.
चेंडू दीडशेच्या पाटीवरून गेला,
जाळ्यात वर, दिव्याजवळ अडला, मग खाली घसरला.
त्यांनी तो पाहिलाच नाही.
एक हात वर, मूठ घट्ट मिटलेली:
गोदीत खालचा माणूस करतो तो इशारा,
थांबव, भार जागेवर आला.

पुढचे तीन डावीकडे गेले.
चौथा खांबावर आपटून माझ्या छपरावर.

जाताना दोर खिडकीत ठेवला:
"बाईंना द्या. त्यांच्या खोक्यात राहू दे,
आरशाच्या शेजारी."
कानाची पाळी लाल झाली होती, ते खूश दिसत होते.

दहाला मी दिवे मालवले.
चेंडू गोळा करणारी गाडी झाकून ठेवली.
बाई उद्या येणार, दोर माझ्याचकडे.
अंधारात, कुणी नाही बघून,
दोन्ही हातांनी धरला, मागे नेला.

गाठ दोन खांद्यांच्या मधोमध बसली.
कसली घाई होती मला,
शेवटची बस तर कधीच गेली होती.