दहा मिनिटं

शारजा, इंडस्ट्रियल एरिया दहा.
शटरच्या आत एसी, बाहेर सत्तेचाळीस.
बिन्सी मॅडम म्हणाली, आधी अंगठ्या काढा,
घड्याळं, साखळ्या, ताईत, सगळं.
प्लास्टिकच्या डब्यात आमचे संसार खणखणले.
माझी अंगठी निघेना.
ग्रीस चोपडलं तेव्हा निघाली, बावीस वर्षांनी.
खाली बोटावर एक पांढरा वळसा,
कधीच ऊन न पाहिलेला.

बावीस वर्षं मी कानानं गाड्या बघितल्या.
स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनवर, मूठ कानाशी,
आणि सांगायचो : तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह.
पोरं हसायची. मग हेड उघडायची.
मग हसायची थांबायची.

ही गाडी मात्र
रुसून जेवायला न बसलेल्या व्याह्यासारखी.
कान लावू तर कुठे?

मॅडम सव्वीस वर्षांची. मल्याळी वळणाच्या हिंदीत बोलते,
मी मराठीत सांगतो :
गाडी गप्प आहे म्हणजे बंद आहे, असं धरायचं नाही.
नारिंगी वायर दिसली की हात पाठीमागे.

मग हातमोजे.
मनगटाकडून गुंडाळायचे, आत हवा कोंडायची,
गालाशी धरायचे.
सुईच्या टोकाएवढं भोक असलं तरी
गालाला वारा कळतो.
चला, कानाची नोकरी गेली
ती गालाला तरी लागली.

बारा व्होल्टची बॅटरी सोडवायची.
प्लग खेचायचा.
ज्यानं खेचला त्याच्याच खिशात प्लग,
दुसऱ्या कुणाच्या नाही, टेबलावर नाही.
आणि दहा मिनिटं
काहीही करायचं नाही.

हे मला जमेना.
आयुष्यात कुठल्या मालकानं
उभं राहायचे पैसे दिले होते?

माझ्या मागे गुलबाज, पेशावरचा,
हातात पिवळा आकडा, लांब दांड्याचा.
मला झटका बसला तर हातानं शिवायचं नाही,
आकड्यानं कमरेला धरून ओढायचं.
मॅडमनं जोड्या हजेरीच्या यादीवरून लावल्या,
तिला कुठून ठाऊक
की आम्ही तीन वर्षं बोलत नाही.
एका गिअरबॉक्सवरून. एक बोल्ट राहिला होता,
मी म्हटलं याचा, हा म्हणाला माझा,
मालकानं तीनशे दिरहम त्याचे कापले.
तेव्हापासून एकाच पाना-पेटीतून पाने घेतो,
एकमेकांनी ठेवून दिल्याशिवाय उचलत नाही.

चौथं मिनिट.
एसीतून थेंब पडतोय बादलीत.
पाचवं.
पाठीला त्याचा श्वास लागत नाही,
पण आकडा कुठे आहे ते बरोबर कळतं.
मॅडम म्हणाली होती, आतले कपॅसिटर
हळूहळू रिकामे होतात, घाई करून होत नाहीत.

गाडीकडेच बघत मी म्हणालो,
तो बोल्ट माझाच होता.

थेंब. थेंब.
"सातवं चाललंय," गुलबाज म्हणाला,
"पुढे बघ."

मग मीटर.
आधी चांगल्या बॅटरीवर, मीटर खरं बोलतं का ते बघायला,
मग गाडीवर,
मग पुन्हा बॅटरीवर.
एक माप घ्यायला तीनदा खात्री.
शून्य आलं.
एवढ्या आनंदानं शून्य
मी शाळेत कधी पाहिलं नव्हतं.

प्लग परत बसवला. आता त्याची पाळी.
तो हातमोजे गालाशी धरून थांबला,
इकडेतिकडे बघितलं,
आणि गळ्यातून चांदीची नळी काढली,
आईनं दिलेली, डब्यात न टाकता
शर्टाआड लपवलेली.
माझ्या तळहातावर ठेवली. ऊबदार होती.
काही बोलला नाही.

मी ती अंगठीशेजारी खिशात सरकवली, बटण लावलं,
आणि आकडा उचलला.
वाटला होता त्यापेक्षा जड निघाला.