कशासाठी

भिंतीवर चौकट आहे. संस्थापकांच्या हातची
सात उद्दिष्टं, सोनेरी शाईत.
चौथ्यावर ओल आलीय.
तिथं काय लिहिलं होतं ते एकट्या हॅल्डोरला आठवतं
आणि तो दर खेपेला वेगळंच सांगतो.

क्लबाचे सभासद अकरा. मंगळवारी येतात सहा.
बाहेर उणे एकतीस, सरोवर तळापर्यंत मुकं,
वर मासेमारांच्या खोपट्यांचे चार दिवे.
घंटा वाजते. मी मागचं इतिवृत्त वाचते.
उशिरा येणाऱ्याला एक डॉलर दंड.
ओरेस्टच्या दंडातून गेल्या साली
सगळ्या कुबड्यांना नवी रबरं बसली.

मागच्या खोलीत आमची खरी इस्टेट:
चाकांच्या खुर्च्या नऊ, वॉकर चौदा,
आणि वर-खाली होणारी एक खाट,
जी आता फक्त वर होते.

अनामत घेत नाही. त्यावरून एकदा
दोन तास जुंपली होती.
"परत आणली नाही तर?" खजिनदारबाई हटून बसल्या.
ग्लिसेरिया तेव्हा नवी, कोट अजून अंगाला न सरावलेला.
म्हणाली, "नाही आणली, म्हणजे अजून लागतेय."
कॉफी गार झाली होती. ठराव मंजूर.

वहीत रकाने चार.
तारीख. नाव. खुर्चीचा नंबर. कशासाठी.

गुडघा.
बर्फावर घसरले.
परत गुडघा, दुसरा.
नातीच्या लग्नात तिला हात धरून न्यायचंय,
हात माझा, पाय तुमचे.
सरोवर बघायचंय.
(ही खुर्ची तिसऱ्या दिवशी आली, धुऊनपुसून.
चाकाच्या खाचेत तरी वाळू होतीच.
ती आम्ही काढली नाही.)

एकानं चौथा रकाना कोरा सोडला.
आम्ही विचारलं नाही.
न विचारणं सातांपैकी कशातच बसत नाही,
चौथ्यात असेल तर ठाऊक नाही.

परवा, गुरुवारी, हॅल्डोर आला.
सतरा वर्षं त्यानंच या चाकांना तेल घातलं.
दाराला धरून उभा राहिला, टोपी न काढता.
"चार नंबर दे. उजवं चाक कुरकुरतं,
पण त्याची माझी ओळख आहे."
मी वही सरकवली. नाव त्यानं झरझर लिहिलं.
शेवटच्या रकान्यापाशी पेन थांबलं,
इतका वेळ, की मी खिडकीबाहेर
काही नसताना बघत राहिले.

मग लिहिलं: बसायला.

निघताना बरणीत पाच डॉलर टाकले.
"पुढच्या मंगळवारांचा दंड. आगाऊ."
पाच मंगळवार. मी मोजले,
त्यानं मोजले होते का, कळलं नाही.
उतारावरून चाक कुरकुरत गेलं,
बराच वेळ ऐकू येत होतं.

इतिवृत्त, मंगळवार.
उपस्थित पाच.
ओरेस्ट वेळेवर आला, याची नोंद घ्यावी.
तेलाची कुपी कुठं ठेवलीय, कुणालाच सापडत नाही.
हॅल्डोरकडे जाऊन विचारावं,
सगळ्यांनी मिळून जावं,
सोबत केक न्यावा.