शेवटच्या रांगेपर्यंत

समाजमंदिराची किल्ली माझ्याकडे असते,
म्हणून पडदाही माझ्याच घरचा:
लग्नातली चादर, कोपऱ्यात हळदीचा डाग,
जो त्या रात्री हिरोच्या गालावर आला.
"पोराले आधीच लागली वं हळद," बाया म्हणाल्या.

तुरी घरात आल्या होत्या. थंडी होती.
लॅपटॉप ग्रामसेवकाच्या भाच्याचा,
मशीन शाळेचं, भोंगा भजनी मंडळाचा.
सतरंजीवर डावीकडे माणसं, उजवीकडे बाया,
मधे वीतभर जागा,
कोणीच न आखलेली.
अलीकडे मोरेश्वर भोयर, गुरांच्या दवाखान्यातला,
जो दर दोन दिवसांनी
किलोभरच ज्वारी दळायला नेतो.
पलीकडे चक्कीवाली कुसुम नेवारे,
भुवयांवर पीठ तसंच.

पोरगी रुसून बसस्टँडवर. हिरो धावत आला,
एकाच पायात चप्पल. हॉल हसून लोळला.
त्यानं तोंड उघडलं
आणि लाइन गेली.

लॅपटॉप तेवढा चालू. वहीएवढा उजेड,
आवाज मच्छराएवढा.
पोरं त्याच्यावर ओणवी.
मागून किसनाबाई ओरडली,
"काय म्हणते तो? सांगा ना रे!"
मग पहिल्या रांगेनं दुसरीला सांगितलं,
"म्हणते, तुयाबिना करमत नाही मले."
सरपंचानं तलाठ्याला सांगितलं, घसा खाकरून.
तलाठ्यानं पोस्टमनला,
पत्ता सांगावा तसं.
मधेच कुठं "करमत"चं "करपत" झालं,
कोणाच्या तरी बायकोनं दुरुस्त केलं.

वाक्य मोरेश्वरपर्यंत आलं.
पुढं वीतभर जागा. पुढं कुसुम.
त्याचा आवंढा मी दारापाशी ऐकला.
"तो म्हणते," मोरेश्वर म्हणाला, "तुयाबिना..."
थांबला.
मग "तो म्हणते" गाळून
पुन्हा पहिल्यापासून म्हणाला, पूर्ण.

कुसुमनं ते पुढं दिलंच नाही.

"काय म्हणे? अवो, काय म्हणे?"
किसनाबाई विचारत राहिली.

लाइन आली तेव्हा पडद्यावर नावं सरकत होती.
बंद करायचा राहिलेला पंखा
भर थंडीत गरगरू लागला.
मोरेश्वर त्या पंख्याकडेच पाहत होता.
कुसुम भुवया पुसत होती,
पिठाच्याच हातांनी.

चादर धुतली, डाग आहे.
मोरेश्वर आता अर्धाच किलो नेतो,
पण रोज.
आणि किसनाबाई बाजारात भेटली की अडवते,
"त्या पोरीनं काय म्हटलं मंग?"
मी म्हणतो, मावशी, लाइन गेलती.