माणूस सातशे, कुत्रं फुकट

पैठणच्या लॉजवाल्यानं माझं आधार कार्ड पाहिलं,
मग पायाशी बसलेल्या मुनीमकडे पाहिलं
आणि कार्ड परत दिलं.
“यात्रेकरू उतरतात इथं, काका.”
मुनीमनं जांभई दिली.
जालन्यात आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टलाही तो चालत नाही.

रिक्षावाला म्हणाला, धरणाच्या काठाकाठानं जा,
वेड्या बाभळी संपल्या की भोयांची वस्ती,
तिथं केसरबाई लिंबोरेला विचारा.

निळ्या पत्र्याच्या दोन खोल्या,
दारात थर्माकोलचा तराफा उलटा घातलेला,
भिंतीवर नातवाच्या अक्षरात
(‘मुक्काम’मधला मु दोनदा गिरवलेला):
मुक्काम. माणूस सातशे. कुत्रं फुकट.
मांजर असेल तर आधी विचारा.

“काहून फुकट?”
ती वाम साफ करत होती. मान वर न करता म्हणाली,
“माणसं चादरीला हात पुसतेत.
रात्री पिऊन पाण्यात उतरतेत,
मंग आमीच जाळी टाकून हुडकायचं.
कुत्र्यानं अजून असलं काई केलं न्हाई.”

नातवानं रजिस्टर उघडलं.
नाव: मुनीम. वय: बारा. गाव: जालना.
येण्याचं कारण?
इथं त्याचं पेन थांबलं, आणि मीही.

कारण, बाळा, माझी मुलगी,
पंधरा दिवसांसाठी ठेवते म्हणून
याला माझ्याकडे सोडून पुण्याला गेली,
त्याला चार वर्षं झाली.
जाताना याच्या कानात सांगून गेली होती,
तुला एकदा समुद्र दाखवीन.
कोकण लांब. याचे मागचे पाय आता
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर विचार करत उभे राहतात.
म्हटलं नाथसागर. नावात सागर आहे.
याला कुठं वाचता येतं.

“फिरायला,” मी म्हणालो. त्यानं लिहिलं: फिराया.

संध्याकाळी दोघं पाण्यापाशी गेलो.
पलीकडचा काठ दिसत नव्हता,
वाऱ्यानं लाटाही बऱ्यापैकी जमवल्या होत्या,
शिंपल्यांचा चुरा, तुटका चप्पू,
फसवणूक अगदी पुरी होती.
मुनीम लाटेवर एकदा भुंकला, हिशेब विचारल्यासारखा.
मग पुढं झाला, हुंगलं,
आणि प्यायला लागला.
चपचप, चपचप, थांबेचना.

समुद्र असा पीत नाहीत रे, मी म्हणालो.
तो डोळे मिटून पीत होता.
ओळखीचं पाणी होतं ते.
हेच तर येतं आमच्याकडे पाइपातून,
आठ दिवसांनी, कधी दहा,
हेच मी ड्रमात भरतो, त्यातलंच याच्या जर्मनच्या वाटीत.
मला सागर दाखवायचा होता,
यानं त्यात आमचा नळ ओळखला.

अंधार पडता पडता केसरबाईचा नवरा आला,
तराफ्याच्या टोकावर त्यांचा एककान्या कुत्रा
कंदील धरल्यासारखा ताठ.
कटला, चिलापी, थोडी झिंगं.
डोकी दोन्ही कुत्र्यांत वाटली गेली, भांडण न होता.
मी मुलीला फोटो पाठवला: समुद्र झाला.
तिचं उत्तर आलं, पप्पा, हे धरण आहे ना?
मग बराच वेळ काही नाही.
मग: तो खूश आहे का?

तो पत्र्याखाली माझ्या चपलेवर डोकं ठेवून झोपला होता,
झोपेत पाय चालत होते, चारही.

घरी आल्यावर नवव्या दिवशी,
रात्री अडीचला, नळानं खाकरल्यासारखा आवाज केला.
मी बादल्या शोधत उठलो
तर मुनीम आधीच मोरीत,
शेपूट ड्रमावर आपटत,
पाहुणा आल्यासारखा.
पहिलं पाणी गढूळ असतं, मी ते सोडून देतो.
त्या रात्री वाटी त्यालाच लावली.
मासळीचा वास आला थोडा.
किंवा मला आला. केसरबाईला फोन करून विचारावं म्हणतो,
मे महिन्यात खोली रिकामी असते का.