सहा मिनिटं

एकतीस वर्षं मी सेतुबालहून ट्रोयाला फेरीबोट नेतोय.
डावा कान कधीच इंजिनाला देऊन टाकला.
घरी इदालिना ओरडूनच बोलते,
‘मीठ दे’सुद्धा भांडणासारखं.

काल संशोधन करणाऱ्या पोरीनं
पाण्यात सोडलेल्या माइकची वायर
माझ्या उजव्या कानाला लावली.
आधी नुसती कोळंबीची तडतड, तव्यातल्या तेलासारखी.
मग एक शीळ. बारीक, वळणाची.
"आई आहे. पिल्लाला हाक मारतेय."
तेवढ्यात माझीच बोट आली,
फिर्मिनोच्या हाती, दुपारी दोनची.

एवढी मोठी आहे ती?

शीळ चढत गेली,
वळण गळून पडलं,
उरली एक सरळ रेघ:
मीठ दे, मीठ दे.

आज भर धारेत डॉल्फिनचे दोन पर दिसले,
एक मोठा, एक तळहाताएवढा.
मी इंजिन बंद केलं.
ओहोटी आम्हाला हळूच समुद्राकडे नेऊ लागली.
खाली डेकवर गाड्यांचे हॉर्न सुरू झाले.

सहा मिनिटं उशीर.
वहीत कारण लिहावं लागतं.
मी लिहिलं, धुकं.

ऊन इतकं लख्ख होतं
की कागदाकडे बघवत नव्हतं.