नवी तार

कुरिअरचं पाकीट जालन्यात पोचेपर्यंत तापलेलं.
याकोब सर सांगायचे, सगळ्या तारा एकदम काढू नकोस,
लाकडाला ओझ्याची सवय असते.
म्हणून एकेक.
दोन टोकांना दोन ‘मी’, एक जाड, एक बारीक.
जाडीपासून सुरुवात.
शेपूट खालून घेऊन
वासराचं दावं बांधावं तशी गाठ,
बारकीला एक वेढा जास्त,
नाहीतर रात्री सुटते
आणि लाकडावर ओरखडा ठेवून जाते.

स्वरकाटा गुडघ्यावर आपटून दातांत धरला.
‘ला’ लागला.
पाणी पिऊन आले तोवर उतरला.
नवी तार लगेच नांदत नाही,
चार दिवस माहेराकडे ओढ घेते.

एप्रिल. कूलर लावला की एक सूर, बंद केला की दुसरा.
साबणाच्या डबीला भोकं पाडून
ओला स्पंज पेटीत ठेवते.
आई म्हणते, नळ आठव्या दिवशी
आणि तुझ्या लाकडाला तहान!
म्हणते, आणि हंड्यातून वाटीभर काढूनही देते.
जुन्या तारांनी तिने कढीपत्ता काठीला बांधलाय.

‘सोल’ मात्र हट्टी.
सरांचंही कधी ऐकलं नाही त्याने.
रविवारी दोन गीतांच्या मध्ये
मी मान खाली घालते, कान लाकडाला टेकवते,
खुंटी केसभर फिरवते.
पहिल्या बाकावरच्या सुवार्ताबाई डोळे मिटून घेतात,
मग त्यांच्या मागचे सगळे.

मी घाई करत नाही.